झाड साताऱ्याचं, पाया बिडाचा

पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात एक उंच, सडसडीत झाड दिसतं. फांद्या मजल्यामजल्याने फुटलेल्या, शेंडा टोकदार. नर्सरीवाले त्याला सरळ ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. जरा शिकलेला माळी असेल तर ‘ॲरोकेरिया’. पूर्ण वाढलेल्या झाडापासून चार पावलं मागे सरून बुंध्याची रेघ पाहिली, तर ती दक्षिणेकडे कललेली असण्याची दाट शक्यता आहे. दोष वाऱ्याचा नाही आणि माळ्याचाही नाही. या जातीची, म्हणजे कुक पाइनची, झाडं जगभर विषुववृत्ताकडे झुकतात. २०१७ साली ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात पाच खंडांतल्या २५६ झाडांची मोजमापं प्रसिद्ध झाली. सरासरी कल निघाला ८.५५ अंश. पिसाचा प्रसिद्ध मनोराही याच्या निम्म्याच्या आसपास कललेला आहे. उत्तर गोलार्धातली झाडं दक्षिणेला झुकतात, ऑस्ट्रेलियातली उत्तरेला, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका कल वाढतो.

ज्याला आपल्याकडे नाताळचं झाड म्हणतात त्याच्या रक्तातच असं कलणं आहे. मग ते घरात उभं करताना खालच्या स्टँडचा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा. होतो मात्र सगळ्यात शेवटी. झाड येतं, दिव्यांची माळ येते, चांदणी येते आणि मग बादली शोधली जाते.

नाताळ सातारा-सांगलीच्या या भागाला नवा नाही. मिरजेचं वानलेस रुग्णालय १८९४ सालचं. त्याच्याभोवती अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या काळापासून मराठी ख्रिस्ती कुटुंबं वसली. साताऱ्यात आणि वाईत अमेरिकन मराठी मिशनने काम केलं. पाचगणीला सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ पासून आहे. पण युरोपातली फर आणि स्प्रूस ही झाडं इथे उगवत नाहीत. त्यांचे भाऊबंद हिमालयात आहेत, सह्याद्रीत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे ‘खरं झाड’ म्हणजे दोनच गोष्टी: कुंडीतलं ॲरोकेरिया, नाहीतर सुरूची तोडलेली फांदी किंवा शेंडा. दोन्ही मूळची बाहेरचीच. कुक पाइन प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाचं. कॅप्टन जेम्स कुकच्या जहाजाने १७७४ साली तो मुलूख पाहिला, म्हणून त्याचं नाव. सुरू आपल्याकडे लावायला सुरुवात झाली ती कारवारला, १८६८ साली, जळणाच्या लाकडासाठी. दिसायला ती पाइनसारखी असली तरी पाइनच्या घराण्यातली नाही. जिला आपण सुई समजतो ती बारीक हिरवी डहाळी असते. खरी पानं तिच्या सांध्यांवर खवल्यांएवढी असतात.

आता ही दोन झाडं उभी करणं म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. कुंडीतल्या झाडाला मुळं आणि माती असते, प्रश्न फक्त तोलाचा. तोडलेल्या फांदीला तोल हवा, पकड हवी आणि पाणीही हवं. बाजारात मिळणारे स्टँड यांत फरक करत नाहीत, म्हणून विकत घेण्याआधी थोडं गणित करून घ्यावं. शाळेत नववी-दहावीला झालेलंच आहे.

कोणतीही उभी वस्तू कधी पडते? तिचा गुरुत्वमध्य पायाच्या कडेबाहेर गेला की. म्हणजे बघायच्या गोष्टी दोन: पायाची कड मध्यापासून किती लांब आहे, आणि गुरुत्वमध्य किती उंच आहे. पहिला आकडा मोठा हवा, दुसरा लहान. समजा, सुरूचा साडेसहा फुटी शेंडा आहे, वजन ५ किलो, आणि त्याचा तोल जमिनीपासून १ मीटरवर. (हे घरी काढता येतं. फांदी आडवी धरून दोरीच्या फासात सरकवत न्यायची. जिथे ती समतोल राहील तिथे मध्य.) ती एका हलक्या, किलोभर वजनाच्या प्लॅस्टिक तिपाईत बसवली. तिपाईचे पाय ३० सेंटिमीटर लांब. दोन्हींचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ८४ सेंटिमीटरवर येतो.

आणि पाया? इथेच फसगत होते. पाय ३० सेंटिमीटर लांब म्हणून पायाही ३० चा, असं नाही. झाड पायाच्या टोकावरून नाही पडत, दोन पायांच्या मधून पडतं. तीन पाय असतील तर दोन टोकं जोडणारी रेघ मध्यापासून निम्म्याच अंतरावर, १५ सेंटिमीटरवर असते. म्हणून हे झाड १० अंश कललं की गेलं. कुक पाइनचा सरासरी कल आठाच्या वर आहे हे आठवा. असं कललेलं झाड न सरळ करता या तिपाईत उभं केलं, तर मांजरीने एकदा पाठ घासली तरी पुरे.

पायांची संख्या चार केली की तीच रेघ २१ सेंटिमीटरवर जाते, सहा केली की २६ वर. मग तीन पायांचे स्टँड बनवतात तरी का? कारण तीन पाय कधी डुगडुगत नाहीत. जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन टोकं एकाच वेळी टेकतात; चौथ्याला ती हमी नाही. साताऱ्या-सांगलीच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, ती कुठे ना कुठे दबलेली असतेच. तिथे चार पायांचा स्टँड घ्यायचा तर पायाला खालीवर होणारा बोल्ट असलेलाच घ्यावा. टाइल्सवर बिनदिक्कत चार, पाच, सहा पाय.

हे झालं रुंदीचं. दुसरा आकडा, उंची, कमी करायचा उपाय म्हणजे खाली वजन. आणि या बाबतीत आपल्या घरांतला रंगाचा रिकामा डबा बऱ्याच विकतच्या स्टँडना हरवतो. वीस लिटरच्या डब्यात कोरडी वाळू भरली तर वजन ३२ किलोच्या आसपास जातं. त्यात तीच ५ किलोची फांदी खोचली, तर मिळून गुरुत्वमध्य २९ सेंटिमीटरवर उतरतो. डब्याचा तळ अरुंद, मध्यापासून कड जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर. तरीही झाड पडायला २५ अंश कलावं लागतं. प्लॅस्टिक तिपाईच्या अडीचपट. डब्याला चमकीचा कागद गुंडाळणाऱ्या आज्यांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण त्यांचं झाड पडत नव्हतं.

डब्यात काय भरायचं यावर मात्र मी जरा हटून बसेन. सांगली, मिरज, पलूस या कृष्णाकाठच्या पट्ट्यात सहज हाताला येते ती काळी माती. ती घेऊ नये. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा याच्याच. पहिल्या दिवशी चिखलात घट्ट बसवलेली फांदी चौथ्या दिवशी भोकात सैल खुळखुळते. साताऱ्याकडचा मुरूम बरा, धुमसला की बसतो. नदीची वाळू हल्ली मिळवणंही अवघड आणि तिचे दाणे गोटीसारखे घासून गुळगुळीत झालेले. त्यापेक्षा क्रशरची कच चांगली. काळ्या पाषाणाचे ते तुकडे कोनदार असतात, एकमेकांत अडकतात आणि फांदीला सरकू देत नाहीत. कच ओलसर ठेवावी, भिजवून थबथबीत करू नये; ओल्या दाण्यांमधला पाण्याचा पातळ थर त्यांना धरून ठेवतो, पण पाणी वर तरंगू लागलं की तीच पकड जाते. तळाशी चार मोठी डबरं, त्यांच्या बेचक्यात फांदीचा बुडखा, मग वरून कच. थराथराने, प्रत्येक थर काठीने ठोकून. मांडवाची मेढ रोवणारे गडी हेच करतात.

डब्याची खरी अडचण पाण्याची आहे. ओलसर कच फांदीला धरते, पण पाजत नाही. डिसेंबरात सांगलीची हवा कोरडी, दुपारी ऊन चांगलं तापतं, आणि सुरूच्या बारीक डहाळ्या दोनचार दिवसांतच मलूल होतात. अमेरिकेत, जिथे दरवर्षी कोट्यवधी तोडलेली झाडं घराघरांत जातात, तिथले उत्पादक एक ठोकताळा देतात: खोडाच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे साधारण एक लिटर पाणी मावेल असं भांडं स्टँडमध्ये हवं. तिकडच्या चार इंची खोडाला त्या हिशेबाने चार लिटर लागतं. आपली सुरूची फांदी दीड-दोन इंचांची, तिला दीड-दोन लिटर. आकडा छोटा वाटतो, पण स्वस्त स्टँडची पाण्याची वाटी त्याच्याही निम्मी असते, आणि खोड आत गेल्यावर उरलेली जागा आणखी कमी.

तिथलेच लोक आणखी एक सांगतात, ते आपल्या सुतारांनी मुद्दाम ऐकावं. खोड स्टँडच्या नळीत जात नसेल तर ते तासून बारीक करू नये. पाणी वर नेण्याचं काम सालीलगतचं बाहेरचं ओलं लाकूड करतं, मधला गाभा नाही. बाहेरून तासलं की पाण्याची वाटच बंद झाली. खोड जाड असेल तर स्टँड बदलावा. बारीक असेल, आणि सुरूचं ते असतंच, तर लाकडाच्या पाचरी मारून जागा भरावी. शिवाय उभं करण्याआधी बुडख्याची एक चकती नव्याने कापायची. तोडल्यावर काही तासांतच कापलेलं तोंड बंद होऊ लागतं. सुरूच्या बाबतीत तर ही चकती पाण्याखाली कापणं शहाणपणाचं. फर-पाइनच्या लाकडात पाणवाहिन्यांच्या जागी छोट्या छोट्या पेशी असतात आणि त्यांच्या मधली दारं हवेला अडवतात. सुरूच्या लाकडात सलग लांब नळ्या असतात, त्यात हवा शिरली की लांबवर जाते. पाण्यात साखर, ॲस्पिरिन, लिंबूपाणी घालण्याचे सल्ले कानाआड करावेत. नळाचं साधं पाणी पुरतं, फक्त रोज बघायचं.

म्हणजे तोल डब्याचा, पाणी स्टँडचं, असं दोन्ही हवं. यासाठी परदेशी माल मागवायची गरज नाही. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिडाचे नक्षीदार स्टँड ओतले जाऊ लागले. त्याआधी झाड फळीवर ठोकत किंवा चक्क छताला टांगत. बीड या कामाला अगदी योग्य. वाळूच्या साडेचारपट जड, म्हणून थोड्या जागेत पुष्कळ वजन, तेही जमिनीलगत. आणि बिडाची कामं आपल्या दारात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तिथे लोखंडी नांगर बनले. त्या किर्लोस्करवाडीपासून मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीपर्यंत सांगली जिल्ह्यात लोखंड ओतण्याची सवय मुरलेली आहे. नवं ओतून घ्यायचीही गरज नाही. भंगारवाल्याकडे जुन्या उभ्या पंख्याचा बिडाचा गोल पाया मिळतो. मधोमध भोक, चहूबाजूंनी सारखा, वजनदार. गोल पायाला पाय नसतात म्हणून ‘दोन पायांच्या मधून पडणं’ हा प्रकारच उरत नाही.

तो नाही मिळाला तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जावं. दीड फूट लांबरुंद, ६ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट घेतली तर एकट्या प्लेटचं वजन दहा किलोच्या घरात जातं. मघाचीच फांदी तिच्यावर बसवली तर गुरुत्वमध्य ३४ सेंटिमीटरवर, कड मध्यापासून जवळपास २३ वर, आणि पडण्याचा कोन ३४ अंश. डब्यापेक्षा एक तृतीयांश वजनात डब्यापेक्षा घट्ट. प्लेटवर सहा इंची पाइपाचा फूटभर तुकडा वेल्ड करून घ्यायचा. बुडाचं वेल्डिंग सलग हवं, ठिपके मारलेलं नको, कारण हाच पाइप पाण्याची टाकी. वेल्डर सहसा ‘चार टाके पुरेत’ म्हणतो. त्याला आत पाणी भरून दाखवायला सांगावं. आतून-बाहेरून रेड ऑक्साइड, वर हवा तो रंग.

आता पकड, आणि माझ्या मते स्टँड निवडताना पहिली नजर इथेच जायला हवी. दुकानातल्या बहुतेक स्टँडना एकाच उंचीवर तीन स्क्रू असतात. कितीही आवळा, झाड त्या तीन टोकांभोवती डुलणारच, कारण एका पातळीवर धरलेली वस्तू फिरू शकते. ती अडवायला दुसरी पातळी लागते: एक पकड वर, एक खाली. दोन पातळ्यांमधलं अंतर किती, यावर सगळं ठरतं. दोन मीटर उंच शेंड्याला कोणी किलोभर जोराने ढकललं, आणि पकडीच्या दोन पातळ्यांत १० सेंटिमीटरचं अंतर असेल, तर तिथे २० किलोचा जोर येतो. अंतर २५ सेंटिमीटर केलं की तोच जोर ८ किलोवर उतरतो. सुरूची ओली साल वीस किलोला दबते, फाटते आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू सैल. आठ किलोला ती तग धरते. म्हणून पाइप फूटभर उंच, वर तीन बोल्ट आणि खाली तीन. खालचे बोल्ट पाण्यात येतात, भोकातून गळती होते, म्हणून खाली बोल्टऐवजी तळाला आतून एक जाड खिळा उभा वेल्ड करून घेतला आणि बुडख्याच्या मध्यात तेवढंच भोक पाडून त्यावर बसवलं तरी चालतं. (असं मध्यात भोक पाडल्याने झाड जास्त पाणी पितं ही समजूत खोटी आहे, गाभा पाणी ओढत नाही हे वर आलंच. भोक फक्त पकडीसाठी.) बव्हेरियातल्या क्रिनर कंपनीच्या स्टँडमध्ये पायाने पट्टी दाबली की एकच पोलादी तार सगळ्या नख्या एकदम आवळते. युक्ती सुरेख आहे, झाड धरायला दुसरा माणूस लागत नाही. पण ते स्टँड तिकडच्या जाड खोडांसाठी. दीड इंची सुरूला त्या नख्या पोचतील का, हे मापून घ्यावं.

चर्चच्या किंवा शाळेच्या सभागृहात दहा-बारा फुटी झाड उभं करायचं असेल, तर एकट्या पायावर विसंबू नये. वरून दोरी हवी. हे शास्त्र या भागात मुरलेलं आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, त्यांत पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा. उंचच उंच बांबू, खाली तो पेलणारा एक माणूस आणि चारी बाजूंना ताणलेल्या दोऱ्या धरणारे बाकीचे. पाया जवळजवळ नाहीच. सगळा तोल दोऱ्यांवर. नाताळच्या झाडाला एवढा थाट नको. दोन मीटरच्या झाडाला सव्वा मीटर उंचीवर तंगूस बांधून खिडकीच्या गजाला अडकवला, तर शेंड्यावरचा किलोभर धक्का त्या दोऱ्यावर दीड-पावणेदोन किलोचाच ताण देतो. मासे धरायचा नायलॉन तेवढं सहज सोसतो आणि दिसतही नाही. दोन दोरे, काटकोनात. भिंतीच्या कोपऱ्यात झाड असेल तर तेवढ्याने भागतं.

दिव्यांच्या माळेची जोडणी पाण्याच्या टाकीजवळ, लोखंडी प्लेटला टेकून ठेवू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगितलं.

कुंडीतल्या ॲरोकेरियाची तऱ्हा निराळी. नर्सऱ्या हल्ली कोकोपीट भरतात, कारण वाहतुकीला हलकं. ते वाळलं की बारा इंची कुंडीचं वजन हातात जाणवतही नाही, आणि वर पाच फुटी झाड. दुकानात कुंडी उचलून बघावी: सहज उचलली गेली तर घरी ती पडणार. उपाय सोपा. ती कुंडी तशीच एका मोठ्या, रुंद बुडाच्या सिमेंटच्या कुंडीत ठेवायची आणि मधली फट खडीने भरायची. वजन वाढतं, पाया रुंदावतो, मुळांना हात लागत नाही. झाड कललेलं असेल तर आतली कुंडी खडीतच तिरकी बसवून बुंधा सरळ करता येतो. फांद्या मात्र जपाव्यात. या झाडाची खालची फांदी एकदा गेली की कुंडीत त्या जागी सहसा दुसरी येत नाही, आणि शेंडा छाटला तर आकार कायमचा बिघडतो. फांदी खोचून नवं रोप करू असं कोणी म्हणेल. तसं रोप आडवंच वाढत राहतं, उभं होत नाही.

घरात दहा-बारा दिवस, खिडकीशेजारी. मग पुन्हा अंगणात. तोडलेल्या सुरूपेक्षा मला हेच पसंत, एक तर ते पुढच्या वर्षी पुन्हा येतं, आणि दुसरं म्हणजे शहराच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

तीनचार वर्षांत ते कुंडीत मावेनासं झालं की जमिनीत लावायचं. मायदेशी हे झाड ६० मीटरपर्यंत जातं, तेव्हा विजेच्या तारांखाली आणि घराच्या भिंतीलगत नको. दक्षिणेला तर भरपूर मोकळी जागा सोडावी. लावताना काठीचा आधार द्यावा, पण घरात पाळलेले सगळे नियम इथे उलटे. बांधायचं ते खाली, बुंध्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, आणि सैल, म्हणजे शेंडा वाऱ्यावर डोलेल. डोलणाऱ्या रोपाचा बुंधा तळाशी जाड होतो. गच्च बांधलेलं रोप उंच वाढतं आणि दोरी सुटली की वाकतं. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या रोपाची काठी पुढच्या पावसाळ्याआधी काढून टाकावी.